प्रयोगशाळेचं अप्रेझल

आमच्या आयटीत दरवर्षी अप्रेझल होतं. सरकारी प्रयोगशाळेचं करायचं झालं तर? मुंबईच्या 'समीर'चंच घेऊ.

१९७७ साली टीआयएफआरमध्ये मायक्रोवेव्ह उपकरणांसाठी एक वेगळा विभाग निघाला. १९८४ मध्ये त्यातूनच समीर ही सरकारी संस्था झाली. तिचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे कॅन्सरवर किरणोपचार करणारं लिनॅक.

कोबाल्ट मशिनमधला स्रोत सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, मग बदला! लिनॅकमध्ये तसा स्रोतच नसतो. मायक्रोवेव्हच्या जोरावर इलेक्ट्रॉन पळवायचे, धातूवर आदळवायचे, की एक्स-रे तयार. वाचायला सोपं आहे हो, पण गाठीला मिळणारा डोस ५ टक्क्यांच्या आत बरोबर हवा, असा निकष १९७६ पासून आहे. कमी पडला तर कॅन्सर उरतो, जास्त झाला तर धडधाकट भाग भाजतो.

समीरने इतर संस्थांच्या साथीने चंदीगडच्या पीजीआयसाठी असं यंत्र बनवलं. पुढे आपल्या सेवाग्रामच्या रुग्णालयातही त्यांचं लिनॅक बसलं.

आमच्या कोल्हापुरात, उद्यमनगरात, कास्टिंगची परीक्षा कागदावर होत नाही, मशिनवर चढल्यावर होते. तोच न्याय इथे लावला तर डिझाइनला माझ्याकडून पैकीच्या पैकी. पण यंत्रं बसली मोजकीच, बहुतेक रुग्णालयं आजही परदेशी लिनॅकच घेतात. म्हणजे उत्पादन आणि सर्व्हिसिंगमध्ये मार्क कापायलाच हवेत. फक्त ते एकट्या प्रयोगशाळेचे नकोत. कारखाना उभा करणं हे तिचं काम होतं का, हे आधी ठरवा!