दिपोनेगोरोच्या क्रिसची ओळख

२८ मार्च १८३० रोजी मागेलांग येथे वाटाघाटीसाठी आलेल्या राजपुत्र दिपोनेगोरोला डच सेनापती द कॉकने कैद केले आणि पाच वर्षे पेटलेले जावायुद्ध संपले. राजपुत्राचा एक क्रिस, म्हणजे जावाची कट्यार, कर्नल क्लेरेन्स याच्यामार्फत नेदरलँड्सचा राजा पहिला विल्यम याला नजर झाला आणि १८३१ मध्ये हेगच्या शाही दुर्मिळ-वस्तुसंग्रहात जमा झाला. १८८३ मध्ये तो संग्रह मोडला. वस्तूंची वाटणी झाली, पुष्कळशा लायडनच्या संग्रहालयाकडे गेल्या. कागद आणि वस्तू यांची ताटातूट झाली, ती तिथेच. पुढे लायडनच्या अनेक क्रिसांपैकी दिपोनेगोरोचा कोणता, हे सांगता येईना.

ओळख पटवण्यासाठी संशोधकांना आधार मिळाला तो मुख्यतः तीन कागदांचा. पहिला कागद जानेवारी १८३१ मधला सरकारी पत्रव्यवहार. क्रिस संग्रहाकडे कसा आला, एवढेच तो सांगतो. पण दफ्तरी कामातला असल्यामुळे त्यात काही सजवून सांगण्याचे कारण दिसत नाही. दुसरा कागद सेन्तोत अलीबासा याच्या जबानीचा. सेन्तोत हा दिपोनेगोरोचा तरुण सरदार. १८२९ मध्ये तो डचांना शरण गेला होता, त्यामुळे त्याची साक्ष जपून वाचावी लागते. तरीही राजपुत्राने क्लेरेन्सला क्रिस देताना आपण स्वतः पाहिले, असे तो लिहितो आणि राजपुत्राचा क्रिस ओळखण्याइतका जवळचा साक्षीदार त्याच्याशिवाय दुसरा उपलब्ध नाही.

तिसरा पुरावा मला सर्वांत मोलाचा वाटतो. सेन्तोतच्या जबानीच्या समासात एक टिपण आहे आणि ते लिहिले आहे जावाचा चित्रकार रादेन सालेह याने. तो त्या वेळी नेदरलँड्समध्ये चित्रकला शिकत होता. पुढे १८५७ मध्ये दिपोनेगोरोच्या अटकेचे प्रसिद्ध चित्र काढणारा हाच. क्रिसचे नाव ‘क्याई नागा सिलुमान’ असल्याचे नोंदवून तो अर्थ उलगडतो: क्याई हा आदराचा किताब, नाग म्हणजे डोक्यावर मुकुट असलेला अद्भुत सर्प आणि सिलुमान म्हणजे अदृश्य होण्यासारखी विलक्षण शक्ती.

वाद पेटला तो याच नावावरून. जावात पात्याच्या घाटाला धापुर म्हणतात. युनेस्कोच्या नोंदीत असे सुमारे ४० प्रकार आहेत. सरळ पाते म्हणजे ध्यानस्थ नाग आणि वळणांचे पाते म्हणजे चालता नाग, अशी लोकसमजूत आहे. वळणांची संख्या नेहमी विषम. नागाच्या घाटांत दोन प्रकार ठळक आहेत. नागासास्रा या प्रकारात पात्याच्या बुडाशी नागाचे मस्तक असते आणि त्याचे अंग वळणावळणाने टोकाकडे जाते. ‘सास्रा’मागे आपला ‘सहस्र’ हा शब्द आहे. नागा सिलुमानमध्ये मस्तक तेवढे दिसते, अंग पोलादात विरून जाते. अदृश्य होण्याची दंतकथा लोहाराने घाटातच उतरवली आहे. दिपोनेगोरोचा म्हणून ठरवलेल्या लायडनच्या क्रिसवर मात्र नागाचे अंग स्पष्ट आहे, त्यावर सोन्याचे अंशही आहेत. मग हा नागा सिलुमान कसा, असा प्रश्न इंडोनेशियातल्या जाणकारांनी केला आणि तो रास्त होता.

मला हा आक्षेप ओळख मोडण्याइतका भक्कम वाटत नाही. धापुर हे प्रकाराचे नाव, तर ‘क्याई’ लावून दिलेले नाव त्या एकाच क्रिसचे, माणसाला ठेवावे तसे. रूप नागासास्राचे आणि नाव नागा सिलुमान, यात विसंगती नाही. मालकाला त्या शस्त्रात जी शक्ती जाणवली, तिच्यावरून नाव पडू शकते. मात्र याच कारणाने नावाच्या जोरावर ओळखही सिद्ध होत नाही. वजन आहे ते क्लेरेन्स, हेगचा संग्रह आणि लायडन अशा हस्तांतराच्या साखळीला. गाजामादा विद्यापीठाचे इतिहासकार श्री मार्गाना यांनीही तपासणीनंतर ओळख मान्य केली.

१० मार्च २०२० रोजी राजे विलेम-अलेक्झांडर यांच्या इंडोनेशिया भेटीत बोगोरच्या राजवाड्यात हा क्रिस राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांच्यासमोर आला. त्याच्याविषयी लिहिताना धापुर आणि नाव या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या नोंदवल्या जाव्यात, एवढीच अपेक्षा.