देवाची कुरणे आणि शत्रूंची यादी

स्तोत्रसंहितेतले ८३वे स्तोत्र आसाफाच्या नावावर आहे. दहा शत्रू एकजूट करून देवाची कुरणे बळकावायला निघालेत, अशी त्यात फिर्याद आहे. अदोम, मवाब, अश्शूर यांच्यासोबत त्या यादीत इश्माएलीही आहेत. हजरत इस्माईल अलैहिस्सलाम यांचे नाव आदराने घेणाऱ्या मला ते टोचते. पण कुरणे कुणाची म्हटली आहेत? देवाची. म्हणूनच आसाफ शत्रूंची फजिती मागताना त्यांनी देवाला शोधावे, हेही मागतो.

आगरदांड्याच्या खाडीला हा लोभ ठाऊक आहे. दंडा-राजपुरीसाठी सिद्दी आणि मराठे पिढ्यानपिढ्या झुंजले. शिवरायांनी पद्मदुर्ग बांधला, संभाजीराजांनी १६८१-८२मध्ये जंजिऱ्याला वेढा घातला. जंजिरा पडला नाही, तरी १९४८मध्ये सिद्दींचे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालेच.

ही स्तोत्रे ज्यांच्या प्रार्थनेत आहेत ते बेने इस्राएल, म्हणजे आपले शनिवार तेली, याच कुलाब्याच्या किनाऱ्यावर मुसलमानांचे शेजारी म्हणून शतकानुशतके नांदले. तेव्हा ती यादी आजच्या शेजाऱ्यावर चिकटवायची कशाला? मालक कोण हे विसरून जो जमिनीवर हक्क सांगतो, त्याचे नाव कोणतेही असो, आसाफाची फिर्याद त्याच्याविरुद्धच आहे.