वृद्धनिर्वाहविषयक विधी व मालमत्तेची व्यवस्था
वार्धक्यातील निर्वाह, औषधोपचार व शुश्रूषा यांचा भार कोणी वाहावा आणि त्यासाठी वृद्धांच्या मालमत्तेची व्यवस्था कशी असावी, यांविषयीचा विधी. भारतात हे दोन प्रश्न दीर्घकाळ परस्परांपासून अलग राहिले. केंद्रीय विधीने त्यांची सांगड २००७ मध्ये घातली.

परंपरागत हिंदू विधीत वृद्ध माता-पित्यांचे पोषण हे पुत्राचे वैयक्तिक कर्तव्य मानले जाई. वडिलोपार्जित मालमत्ता हाती आलेली असो वा नसो, ते टळत नसे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने ते संहिताबद्ध करून कन्येवरही टाकले. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील निर्वाहाची तरतूद पत्नी व अपत्ये यांपुरतीच होती. १९७३ च्या संहितेच्या कलम १२५ ने तीत माता-पित्यांचा समावेश केला व हा उपाय सर्वधर्मीयांना खुला झाला. विवाहित कन्याही या कलमाखाली जबाबदार ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात दिला. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.

मात्र मुलांना दिलेली मालमत्ता परत मिळविण्याचा मार्ग या तरतुदींत नव्हता. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ अन्वये पूर्ण झालेले दान केवळ दात्याच्या इच्छेने रद्द होत नाही. त्यामुळे हयातीतच घर वा जमीन देऊन टाकणारी व्यक्ती पुढे सर्वस्वी मुलांच्या सद्भावनेवर अवलंबून राही. वि. वा. शिरवाडकर यांच्या नटसम्राट (१९७०) या नाटकातील शोकांतिका अशाच संपत्तिवाटपातून उद्भवते.

माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासंबंधीच्या २००७ च्या अधिनियमाने ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी उपविभागीय पातळीवर न्यायाधिकरणे निर्माण केली. निःसंतान वृद्धाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे वा ज्याला वारसाहक्काने मिळणार आहे, अशा नातेवाइकासही त्याने जबाबदार धरले. कलम २३ नुसार, मूलभूत गरजा भागविण्याच्या अटीवर केलेले हस्तांतरण ती अट मोडल्यास रद्द ठरविता येते. अधिनियमाच्या प्रारंभापूर्वीच्या हस्तांतरणास हे कलम लागू नाही. अशी अट होती हे सिद्ध झाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मधील निर्णयात मात्र कलमाचा अर्थ वृद्धांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे लावावा, असे म्हटले. यावरून दानपत्रात पोषणाची अट स्पष्ट नमूद करण्याचे महत्त्व लक्षात येते.

मृत्युपत्राचे स्वरूप याहून वेगळे आहे. ते करणाऱ्याच्या मृत्यूनंतरच अंमलात येते व तत्पूर्वी केव्हाही बदलता येते. त्यामुळे हयातीत मालमत्तेवरील स्वामित्व अबाधित राहते. घराचे स्वामित्व न सोडता त्याच्या तारणावर बँकेकडून नियमित रक्कम मिळविण्याची व्यस्त गहाण योजना २००७ मध्ये राष्ट्रीय आवास बँकेने आखली.

२००७ च्या अधिनियमाने मासिक निर्वाहाची कमाल मर्यादा १०,००० रुपये ठेवली. स्मृतिभ्रंश, पक्षाघात यांसारख्या व्याधींत वर्षानुवर्षे लागणाऱ्या शुश्रूषेचा खर्च या रकमेत भागणे कठीण असते. जिल्हानिहाय वृद्धाश्रमांची तरतूदही राज्यांवर बंधनकारक नसून ऐच्छिक स्वरूपाची आहे. परिणामी दीर्घकालीन शुश्रूषेचा मुख्य भार कुटुंबावर व वृद्धांनी स्वतःजवळ राखलेल्या मालमत्तेवरच राहिला आहे.