लाल महालाची मध्यरात्र आणि तिचे प्रेक्षक

दिनांक १५ नोव्हेंबर २०१९ रोजी दिग्पाल लांजेकर यांचा 'फत्तेशिकस्त' हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि ५ एप्रिल १६६३ च्या रात्री पुण्यात घडलेला प्रसंग पुनश्च लोकांच्या बोलण्यात आला. जाहिरातकारांनी त्यास भारतातील पहिला 'सर्जिकल स्ट्राइक' असे नाव दिले होते. सप्टेंबर २०१६ मधील सैनिकी कारवाईमुळे हा शब्द घरोघर पोहोचलेला. शिवाय २०१९ च्याच जानेवारीत 'उरी' या हिंदी चित्रपटाने त्यावर पडद्याचे तेज चढविलेले. तेव्हा प्रेक्षक नाट्यगृहात शिरतेवेळीच काय पाहावयाचे हे ठरवून आला होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. चिन्मय मांडलेकरांचे महाराज पडद्यावर येताच जयघोष व्हावा, आणि अनुप सोनींच्या शाइस्तेखानाची बोटे तुटताच टाळ्यांचा कडकडाट व्हावा, यात नवल ते काय? ही कथा मुलांनी शाळेत बसण्यापूर्वीच आजीच्या मांडीवर ऐकलेली असते. शेवट ठाऊक असूनही श्वास रोखून बसावयास लावणे ही दिग्दर्शकाची खरी कसोटी, आणि तीत लांजेकर बव्हंशी उतरले आहेत.

परंतु या प्रसंगाचे पहिले प्रेक्षक निराळेच होते. त्यांच्या साक्षी आपणांस उपलब्ध आहेत, आणि त्या चित्रपटाहून कमी चित्तवेधक नाहीत.

घटनेस पुरता आठवडा लोटतो न लोटतो तोच, १२ एप्रिल रोजी, राजापूरचा इंग्रज वखारवाला गिफर्ड याने सुरतेस पत्र धाडले. महाराजांनी रावजी पंडितांस लिहिलेल्या पत्रातील मजकूर त्यात उतरला आहे. निवडक ४०० माणसे बरोबर होती. ६ पडली, ४० जखमी झाली. खानाचा पुत्र मारला गेला. जसवंतसिंहाचे १०,००० स्वार जागचे हलले नाहीत, म्हणून हे कृत्य त्याच्या संमतीनेच झाले असावे असा लोकांचा समज होता. महाराज मात्र आपल्या माणसांस सांगत की ही परमेश्वराचीच आज्ञा होती. म्हणजे तर्ककुतर्कांचा बाजार तेव्हाही आजच्याइतक्याच त्वरेने भरत असे!

खाफीखानाने दिलेला वृत्तान्त तर पटकथाकाराने आयता उचलावा असा आहे. लग्नाच्या वरातीचे निमित्त करून शहरात शिरकाव. रमजानचा महिना असल्याने मुदपाकखान्यात जागे असलेले आचारी. विटामातीने बुजविलेली खिडकी फोडताना होणारा आवाज, आणि त्याची वर्दी देणाऱ्या चाकरांस खानाने झिडकारणे. नंतर नगारखान्यात शिरून, खानाचाच हुकूम आहे असे सांगून वाजविलेले नगारे, की ज्यांच्या गजरात कोणास कोणाचे ऐकू येऊ नये. शत्रूच्या बाजूचा लेखक इतक्या बारकाईने लिहितो, यातच त्या रात्रीने मोगली छावणीस दिलेला धक्का दिसून येतो. खान गेली तीन वर्षे पुण्यात ठाण मांडून बसला होता, आणि बसला होता तोही ज्या वाड्यात महाराजांचे बाळपण गेले त्याच वाड्यात. आपल्या घराच्या वाटा घरधन्यास ठाऊक असतात, एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानी येऊ नये याचे आश्चर्य वाटते.

आता हेरांविषयी. चित्रपटाचा जीव बहिर्जी नाईकांत आहे. 'फर्जंद' (२०१८) मध्ये ती भूमिका प्रसाद ओक यांनी केली होती, येथे ती हरीश दुधाडे यांजकडे आली. त्याहीपूर्वी, १९४३ साली, 'बहिर्जी नाईक' याच नावाचा मराठी बोलपट निघाला होता. यावरून या पात्राची मोहिनी किती जुनी आहे हे कळावे. पण सभासदाची बखर उघडून पाहिली तर बहिर्जी भेटतो तो सुरतेच्या बातमीसंबंधाने. लाल महालाच्या प्रसंगात पुढे दिसतात ते बाबाजी बापूजी व चिमणाजी बापूजी. कथाकाराने उरलेली जागा वेषांतरांनी आणि खुणेच्या बोलांनी भरून काढली, तर त्यात दोष नाही. उत्तम हेराची उत्तम कामगिरी कागदावर उतरतच नसते. प्रेक्षकाने मात्र घरी जाऊन मुलांस सांगताना बखर कोठे संपते व पटकथा कोठे सुरू होते, याचा विवेक राखावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

आमचा खरा आक्षेप त्या उसन्या नावावर आहे. शस्त्रवैद्याच्या सुरीने नेमका रोगट भाग कापावा, असा त्या शब्दाचा ध्वनी. लाल महालात दिवे विझले होते, जनानखान्यात काळोख होता, आणि गिफर्डच्या पत्रात खानाच्या १२ स्त्रिया त्या रात्री प्राणास मुकल्याची नोंद आहे. परस्त्रीविषयी महाराजांचा कटाक्ष सर्वश्रुत आहे. म्हणूनच ही नोंद वाचताना मन थबकते. अंधारात घाव कोणावर पडला हे घालणाऱ्यासही कळले नसेल. या नोंदीमुळे महाराजांच्या धाडसास बाध येतो असे आम्हांस वाटत नाही. उलट, लाखाच्या छावणीत मूठभर माणसांनिशी शिरणे म्हणजे काय, त्यात किती गोष्टी हाताबाहेर जातात, हे तिच्यामुळेच उमगते. टाळ्यांच्या कडकडाटात नेमके तेच हरवते.

खानाचे पुढे काय झाले, हे मात्र आपले प्रेक्षक सहसा विचारीत नाहीत. औरंगजेबाने त्यास बंगालच्या सुभ्यावर धाडले. तेथे त्याने १६६६ साली चितगाव जिंकले आणि दीर्घकाळ कारभार केला. त्याच्या अमदानीत रुपयास आठ मण तांदूळ मिळे, असे बंगाली लोक अद्याप सांगतात.