डिसोझा, मेरी (सिक्वेरा)

डिसोझा, मेरी : (जन्म १९३१). भारतीय धावपटू व हॉकीपटू. ॲथलेटिक्स आणि हॉकी या दोन्ही खेळांत आंतरराष्ट्रीय स्तरावर भारताचे प्रतिनिधित्व करणारी पहिली स्त्री म्हणून त्या ओळखल्या जातात. जन्म मुंबईतील वांद्रे येथे, गोवेकर ख्रिस्ती कुटुंबात. विवाहानंतरचे आडनाव सिक्वेरा. आजच्या अर्थाने पद्धतशीर प्रशिक्षण त्यांना लाभले नाही. पळण्याची आवड आणि स्वतःच केलेला सराव, एवढ्याच भांडवलावर त्या विशीच्या आत देशाच्या संघात पोहोचल्या.

मार्च १९५१ मध्ये नवी दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांत डिसोझा यांनी २०० मीटर धावण्यात कांस्यपदक आणि ४ × १०० मीटर रिले शर्यतीत रौप्यपदक मिळवले. याच स्पर्धेत १०० मीटरचे रौप्यपदक मुंबईच्याच रोशन मिस्त्री यांनी जिंकले. स्पर्धा मायदेशी असल्याने प्रवासखर्चाचा प्रश्न फारसा आला नाही. तो पुढच्याच वर्षी आला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली, पण जाण्यासाठी पैसे नव्हते. वांद्र्यातील मित्रमंडळी व शेजाऱ्यांनी नृत्याचे कार्यक्रम आणि पत्त्यांच्या स्पर्धा भरवून निधी उभा केला. आशियाई पदक मिळवलेल्या खेळाडूसाठी वस्तीने वर्गणी काढावी लागली, ही त्या काळाची खरी नोंद आहे आणि ती पदकांच्या यादीत कधी दिसत नाही. हेलसिंकीत डिसोझा १०० व २०० मीटर शर्यतींत धावल्या आणि दोन्हींत पहिल्या फेरीतच बाद झाल्या. त्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या चारच स्त्रिया होत्या : धावपटू डिसोझा व नीलिमा घोष, जलतरणपटू डॉली नाझीर व आरती साहा. स्त्रियांसाठी ॲथलेटिक्सचे एकूण नऊच प्रकार होते आणि सर्वांत लांबची शर्यत २०० मीटरची होती. १९२८ मध्ये एकदा ८०० मीटर धावू दिल्यावर ही शर्यत स्त्रियांना झेपत नाही, असे ठरवून १९६० पर्यंत बंद ठेवली गेली. ४०० मीटर तर १९६४ पर्यंत नव्हतीच. त्यामुळे लांब पल्ल्याचा कस अंगी असलेल्या मुलीला तो अजमावण्याची जागाच नव्हती.

हॉकीत डिसोझा १९५३ मध्ये इंग्लंडमधील फोकस्टोन येथे आणि १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय महिला स्पर्धांत भारताकडून खेळल्या. ऑलिंपिकमध्ये महिला हॉकी आली ती १९८० साली. म्हणजे ज्या खेळात संघाबरोबर सर्वाधिक खेळायला मिळावे, त्याचे सर्वोच्च व्यासपीठ त्यांच्या वाट्याला येणे शक्यच नव्हते. एकाच खेळाडूने दोन-दोन खेळ खेळण्याचे आज कौतुक होते. ते योग्यच आहे, पण त्यामागे हौसेइतकीच टंचाईही होती. कुठल्याही एका खेळात मुलींसाठी वर्षभर पुरतील एवढे सामने नव्हते.

१९५४ च्या मनिला आशियाई स्पर्धेत स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स, ख्रिस्टीन ब्राउन आणि मेरी डिसोझा या चौघींनी ४ × १०० मीटर रिलेचे सुवर्णपदक मिळवले. यांपैकी स्टेफी याही हॉकीपटू होत्या आणि पुढे १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावल्या. आशियाई ॲथलेटिक्समध्ये भारतीय स्त्रीला वैयक्तिक सुवर्ण मिळायला १९७० उजाडले. कमलजीत संधू यांनी ते ४०० मीटरमध्ये जिंकले.

या संघांतील नावे लक्ष देऊन वाचावीत. गोवेकर, पारशी, अँग्लो-इंडियन अशा मोजक्या समाजांतल्या मुलीच त्यांत प्रामुख्याने आहेत. कॉन्व्हेंट शाळांची मैदाने आणि मुलीने आखूड चड्डीत पळण्याला घरातून विरोध नसणे, या दोन गोष्टी त्यांच्याकडे होत्या. महाराष्ट्रातल्या इतर घरांत पळण्याची ताकद कमी होती, असे मानण्याला कोणताही आधार नाही. कित्येक मुलींची धाव कॉलेजच्या वार्षिक स्नेहसंमेलनातल्या शर्यतीपाशी संपली, कारण त्यापुढे त्यांच्यासाठी काही नव्हते.

अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास मनाई झाली आणि कॉलेजांतील स्त्री-क्रीडेचे चित्र पालटले. भारताच्या संविधानातील १५ वे कलम लिंगावरून भेदभावाला मनाई करते आणि स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभाही देते, पण कॉलेजच्या मैदानासाठी तसा स्वतंत्र कायदा इथे झाला नाही. महिलांचा राष्ट्रीय क्रीडा महोत्सव १९७५ मध्ये सुरू झाला, तोपर्यंत डिसोझा यांची पिढी मैदानाबाहेर गेली होती.

डिसोझा यांनी खेळत असताना रेल्वेत नोकरी केली. पुढे त्या अमेरिकेत स्थायिक झाल्या. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यांची स्पर्धात्मक कारकीर्द संपली होती. स्टेफी डिसोझा यांना तो १९६३ साली मिळाला. आजीवन कामगिरीसाठीचा ध्यानचंद पुरस्कार २००२ पासून दिला जाऊ लागला. मेरी डिसोझा यांना तो २०१३ मध्ये, हेलसिंकीनंतर एकसष्ट वर्षांनी देण्यात आला. तो फार उशिरा आला.