तुळशीदास शाहीर

तुळशीदास : सिंहगडाचा पोवाडा रचणारा मराठी शाहीर. परंपरा त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचा समकालीन मानते. फेब्रुवारी 1670 मध्ये तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा, म्हणजेच सिंहगड, घेतला आणि त्या लढाईत ते पडले. हाच पोवाड्याचा विषय. गोंधळी व शाहीर यांच्या तोंडी तो पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिला. छापील रूपात तो वाचकांपुढे आला तो हॅरी ॲकवर्थ व शंकर तुकाराम शालिग्राम यांच्या 1891 च्या पोवाडासंग्रहातून. इतिहासाचे साधन म्हणून या रचनेवर बरेच आक्षेप आहेत. तरीही ती टाकाऊ ठरत नाही. तिला कोणता प्रश्न विचारायचा, एवढेच ठरवावे लागते.

पोवाड्याची सर्वांत उपयुक्त कसोटी म्हणजे कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस लिहिलेली बखर. सभासदाच्या वृत्तान्तात तानाजी पाचशे मावळे घेऊन निघतो, माणसे वानरांसारखी कडा चढतात, गडाचा किल्लेदार उदेभान राजपूत याच्याशी झुंज होऊन दोघेही पडतात, धाकटा भाऊ सूर्याजी लोकांना सावरतो आणि गडावर लावलेल्या आगीचा उजेड राजगडावरून दिसतो. पोवाड्यात हा सांगाडा बराचसा तसाच आहे, पण त्यावर चढलेले मांस वेगळे आहे. तिथे जिजाबाई शिवाजीराजांबरोबर डाव मांडून कोंढाणा मागून घेतात. तानाजी आपला मुलगा रायबा याच्या लग्नाच्या गडबडीत असतो. त्याचा ऐंशी वर्षांचा मामा, शेलारमामा, बरोबर निघतो. घोरपड कडा चढते. उदेभानाचे बारा मुलगे आणि चंद्रावळी हत्ती आडवे येतात. फौजही शेकड्यांची न राहता हजारांची होते. ज्या गोष्टी एकट्या पोवाड्यातच आढळतात, त्यांत एक संगती आहे. आकडे आणि अद्भुत प्रसंग श्रोत्यांना खिळवण्यासाठी आले, हे उघड आहे. रायबाचे लग्न आणि मामा मात्र निराळ्या कुळीचे आहेत. दरबारी लेखकाला स्वारीचा हुकूम, माणसांची संख्या आणि निकाल नोंदवायचा असतो. ज्या घरातला माणूस गेला त्या घराचे काय झाले, हे शाहीर सांगतो. कारण त्याचे ऐकणारे लोक त्याच घरांतले असतात. मावळातल्या माणसाला स्वराज्याची लढाई नात्यागोत्यातून कशी समजली, हे सभासदाकडून कळत नाही.

यावर एक आक्षेप सरळ आहे : अशी स्मृती म्हणजे कल्पितच, तिला इतिहास कशाला म्हणायचे? लग्न ठरलेच होते असे या पोवाड्याच्या आधारे म्हणता येणार नाही, हे मान्य करावेच लागते. पण लोकांनी हौतात्म्य कोणत्या चौकटीत बसवले, हीसुद्धा घडलेली गोष्ट आहे आणि तिचा पुरावा पोवाड्याइतका थेट दुसरीकडे मिळत नाही. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. उपलब्ध पाठाच्या भाषेत आणि वर्णनात उत्तरकालीन छटा आहेत. तोंडी परंपरेत प्रत्येक गायक काही घालतो, काही गाळतो. मग 1670 चा शाहीर कुठला आणि नंतरचा गोंधळी कुठला? हे वेगळे काढणे बहुतेक ठिकाणी अशक्य आहे. म्हणून हा पोवाडा एका माणसाची साक्ष म्हणून न वाचता, तोंडी फिरत साचत गेलेली कथा म्हणून वाचावा लागतो. गड पडल्यावरच त्याला सिंहगड हे नाव मिळाले, ही लोकप्रिय समजूत याच कारणाने तपासूनच घ्यावी; ते नाव त्यापूर्वीच्या पत्रव्यवहारातही आढळते.

अज्ञानदासाच्या अफजलखानवधाच्या पोवाड्याशी तुलना केली तर दरबाराजवळची रचना आणि लोकांत फिरलेली रचना यांतला फरक नेमका दिसतो. 1659 च्या त्या प्रसंगावरची ही रचना जिजाबाईंच्या सांगण्यावरून झाली आणि शाहिराला घोडा व सोन्याचा तोडा इनाम मिळाला, असे ती स्वतःच सांगते. आश्रय जवळचा असला की माहितीही जवळची मिळते, पण आश्रयदात्याला न रुचणारे सांगण्याची मुभा कमी होते. तुळशीदासाच्या पोवाड्याचे आश्रयदाते, निदान गोंधळ्यांच्या पिढ्यांत, गावोगावचे श्रोते होते. म्हणूनच त्यात राजापेक्षा सुभेदार तानाजी मोठा दिसतो.

पुढे महात्मा फुले यांनी 1869 मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला, तेव्हा हाच काव्यप्रकार इतिहासाचा अर्थ बदलून मांडण्यासाठी जाणीवपूर्वक वापरला गेला. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीने आणि त्यानंतरच्या नाटक-चित्रपटांनी सिंहगडाची कथा घराघरांत नेली, ती बव्हंशी पोवाड्याच्या वळणाची. सभासदाचे पाचशे मावळे अभ्यासकांपुरतेच राहिले.