ज्वालामुखीय वायूंचे मापन व पोलादपूर शैलसमूह

ज्वालामुखीच्या उद्रेकात लाव्ह्याबरोबर बाहेर पडणाऱ्या वायूंचे प्रमाण ठरविण्याचे शास्त्र. १९१२ मध्ये आर्थर डे व अर्नेस्ट शेपर्ड यांनी हवाईतील किलाउया ज्वालामुखीच्या विवरात उतरून वायू काचनळ्यांत गोळा केले. १९७० नंतर सहसंबंध वर्णपटमापक वापरात आला. सल्फर डाय-ऑक्साइड वायू आकाशातील जंबुपार प्रकाश किती शोषतो, हे पाहून दुरूनच मापन करणे त्यामुळे शक्य झाले. पिनाटुबोच्या (फिलिपीन्स) १९९१ मधील उद्रेकातून सु. दीड ते दोन कोटी टन सल्फर डाय-ऑक्साइड बाहेर पडल्याचे उपग्रहांवरील उपकरणांवरून कळले.

या उपकरणांना जागृत ज्वालामुखी लागतो. महाड-पोलादपूर भागातील दक्षिण ट्रॅपचा लाव्हा मात्र सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच थिजला. (महाडजवळच्या सव येथील उष्ण झरे हा त्या ज्वालामुखीचा अवशेष नव्हे, भेगांतून खोल जाऊन तापलेले ते पाणी आहे.) पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना या लाव्ह्याचे थर एकावर एक दिसतात. के. जी. कॉक्स व सी. जे. हॉक्सवर्थ यांनी १९८५ मध्ये रासायनिक घटनेवरून त्यांचे खालून वर पोलादपूर, आंबेनळी व महाबळेश्वर असे शैलसमूह पाडले.

येथे हवेऐवजी खडकच तपासावा लागतो. शिलारस भूगर्भात असतानाच त्याचे सूक्ष्म थेंब वाढत्या स्फटिकांत अडकून काचरूप होतात व त्यांतील गंधक टिकून राहते. हे गंधक आणि थिजलेल्या लाव्ह्यात उरलेले गंधक यांतील फरक म्हणजे हवेत गेलेला भाग होय. दक्षिण ट्रॅपमधील अशा दुर्मिळ काचेतील गंधक व क्लोरीन यांची मापने स्टीफन सेल्फ व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केली. दर घन किमी. लाव्ह्यामागे सु. ३५ ते ६५ लाख टन सल्फर डाय-ऑक्साइड, असा अंदाज त्यांनी २००६ मध्ये मांडला होता.

एकूण आकडा प्रचंड असला, तरी केवळ त्यावरून डायनोसॉरांच्या विनाशाचा दोष या लाव्ह्यावर ठेवणे घाईचे ठरेल. गंधकाम्लाचे तुषार काही वर्षांत पावसाबरोबर खाली येतात. म्हणून वायू किती वेगाने सुटला व केव्हा, हेच निर्णायक ठरते. नेमका येथेच मतभेद आहे. २०१९ मध्ये युरेनियम-शिसे पद्धती वापरणाऱ्या गटाने पोलादपूर शैलसमूहाचा मोठा उद्रेक मेक्सिकोतील चिक्शुलूब येथील अशनीच्या आघातापूर्वी काही दशसहस्र वर्षे झाला असे मांडले. आर्गॉन पद्धती वापरणाऱ्या दुसऱ्या गटाच्या मते आघाताची वेळ बुशे व पोलादपूर शैलसमूहांच्या संधीजवळ येते आणि बहुतांश लाव्हा त्यानंतरचा आहे.